मक्त्यापूर्वीचे देवालय

देवालय नव्याने उभारावयाचे किंवा जुन्याचा जीर्णोद्धार करावयाचा असे एकदा ठरले म्हणजे गावातील सारे बोलणे दोन गोष्टींभोवती फिरत राहते. एक द्रव्याची: कोणत्या घराण्याने किती द्यावयाचे, मुंबईस असलेल्या महाजनांकडे कोणी जावयाचे. दुसरी मुहूर्ताची. या दोहोंच्या दरम्यान जो काळ जातो, त्याची नोंद वर्गणीच्या वहीत होत नाही आणि कलशारोहणाच्या पत्रिकेतही होत नाही. कामाची किंमत कोणास विचारण्यापूर्वी ते काम नेमके काय आहे हे शब्दांत, आकड्यांत आणि रेषांत मांडून ठेवण्याचा तो काळ होय. स्थपतीचे, म्हणजे आजच्या बोलण्यातील आर्किटेक्टचे, खरे कर्तव्य येथेच सुरू होते, आणि पुष्कळ अंशी ते येथेच कसास लागते.

हे कर्तव्य आधुनिक आहे, इंग्रजी अमदानीत इस्टिमेट आणि टेंडर या शब्दांबरोबर ते आपल्याकडे आले, असा एक समज आहे. शब्द त्या काळी रुळले हे खरे. परंतु ही रीत तेवीसशे वर्षांहून अधिक जुनी आहे, आणि तिचा सर्वांत बोलका पुरावा ग्रीस देशात दगडावर कोरलेला आहे. विशेष हे की, त्यातील बहुतेक लेख देवालयांच्या बांधकामाचेच आहेत.

आपल्या शिल्पग्रंथांत स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक असे चार कारागीर सांगितले आहेत. मयमत, मानसार यांसारख्या ग्रंथांचा भर भूमीच्या परीक्षेवर, प्रमाणांवर आणि प्रतिमांच्या लक्षणांवर आहे. परक्या मक्तेदारांस किंमत विचारण्याचा प्रसंग त्या ग्रंथांपुढे फारसा उभाच राहत नाही. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतींवर राजराजाने आणि त्याच्या परिवाराने देवास काय अर्पण केले याची सूक्ष्म नोंद आहे, पण एखादा खांब कोणत्या अटीवर कोणास घडावयास दिला होता, हे त्या भिंती सांगत नाहीत. राजाची आज्ञा, राजाचा कोश आणि पिढीजात कारागीर असले म्हणजे अटी लिहून ठेवण्याची निकड कमी असते.

ग्रीक नगरांची स्थिती निराळी होती. तेथे पैसा नगराचा किंवा देवस्थानाचा असे. देखरेख करणारी माणसे नेमलेली असत, आणि त्यांस आपल्या कारभाराचा हिशेब चारचौघांपुढे द्यावा लागे. शिवाय संपूर्ण देवालय अंगावर घेईल असा मोठा मक्तेदार मिळणे कठीण असे. त्यामुळे काम तुकड्यातुकड्यांनी द्यावे लागे, आणि तुकडे शेवटी एकमेकांशी जुळावयाचे तर प्रत्येकाचे माप आधीच ठरलेले हवे. कागदपत्रांचा जन्म या दोन गरजांतून झाला.

एपिदाउरोस येथील अस्क्लेपिओस हा आरोग्यदाता देव. त्याचे देवालय इ. स. पू. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात, पाच वर्षांच्या आत बांधून झाले. त्या कामाचा हिशेब कोरलेली शिळा सुदैवाने सापडली आहे. खाणीतून दगड काढणे, तो वाहून आणणे, खांब उभे करणे, छपराचे लाकूड पुरविणे, दारे, रंग, या साऱ्यांचे निरनिराळे मक्ते तीत दिसतात. मक्ता घेणारे कोणी कॉरिंथचे, कोणी आर्गोसचे. प्रत्येकाच्या नावाबरोबर त्याच्या जामीनदाराचे नाव आहे. थिओदोतोस नावाच्या स्थपतीस वर्षास ३५३ द्राख्मा मिळत, म्हणजे दिवसास सुमारे एक द्राख्मा. अथेन्समध्ये त्याआधीच्या एका पिढीत कुशल पाथरवटासही दिवसाचा तितकाच रोज मिळत असे! तिमोथेओस या शिल्पकाराने ९०० द्राख्मांस ‘तूपोइ’ करून देण्याचे पत्करले होते. तूपोइ म्हणजे इतर कारागिरांसाठी केलेले नमुने की भिंतीवरील उठावाची शिल्पे, यावर पंडितांत अद्याप एकमत नाही. नमुने हा अर्थ मला अधिक संभवनीय वाटतो, कारण इतक्या हातांत वाटलेल्या कामाला पुढे ठेवण्यास एक आदर्श हवाच.

एपिदाउरोसची शिळा काम दिल्यानंतरचा हिशेब सांगते. काम देण्यापूर्वीचा लेख कसा असे, हे पाहावयाचे तर अथेन्सच्या बंदरात, पिरेउस येथे, जावे लागते. १८८२ साली तेथे सुमारे शंभर ओळींचा एक लेख सापडला. त्याचा काळ इ. स. पू. ३४७-४६ हा आहे. युद्धनौकांची शिडे आणि दोरखंड ठेवण्यासाठी एक प्रचंड दगडी कोठार बांधावयाचे होते. त्याचा संपूर्ण तपशील एउथूदोमोस आणि एलेउसिसचा फिलोन या दोघांच्या नावाने तेथे दिला आहे. असल्या लेखास ग्रीक लोक ‘सुंग्राफे’ म्हणत. ही इमारत देवालय नव्हे, तरी लेखाचा आरंभ देवांच्या स्मरणाने होतो. आपल्या दस्तऐवजांच्या माथ्यावरील ‘श्री’ येथे सहज आठवते.

हा लेख वाचताना इमारत डोळ्यांपुढे पायापासून उभी राहत जाते. लांबी ४०० फूट, रुंदी भिंतींसह ५५ फूट (ग्रीकांचा फूट आपल्याहून किंचित निराळा होता). आत दोन्ही बाजूंस पस्तीस पस्तीस खांब, आणि त्यांच्यामध्ये २० फूट रुंदीचा मार्ग, कारण लोकांनी आतून चालत जाऊन आपल्या पैशाचे काय झाले ते पाहावे असा हेतू होता. भिंतींची उंची, दारांची रुंदी आणि उंची, उंबऱ्यासाठी हिमेट्टस डोंगराचा दगड, तुळयांची आणि वाशांची जाडी, वर घालावयाची कौले, हे सारे क्रमाने येते. दर दोन खांबांच्या गाळ्यास एक खिडकी, आणि दोन्ही टोकांच्या भिंतींत तीन तीन. प्रत्येक खिडकी तीन फूट उंच, दोन फूट रुंद, आणि तिला नेमकी बसेल अशी ब्राँझची झडप. आत वारा खेळता राहून गारवा टिकावा म्हणून दगडांच्या सांध्यांत कोठे फटी ठेवावयाच्या, हेही सांगितले आहे. मात्र त्या नेमक्या जागा स्थपती प्रत्यक्ष कामावर दाखवील, असे तेथे म्हटले आहे. कागदावर काय लिहावयाचे आणि कामावर काय सांगावयाचे, यांतील भेद फिलोनला किती स्पष्ट कळत होता, हे या एका कलमावरून दिसते.

लेखाचा शेवट तर आजच्या कोणत्याही करारात शोभावा असा आहे. ज्यांनी कामे घेतली त्यांनी ती या तपशीलाप्रमाणे, या मापांप्रमाणे आणि स्थपती जो नमुना देईल त्याप्रमाणे करावी, आणि आपण कबूल केलेल्या मुदतीत पुरी करून द्यावी, असा त्याचा आशय आहे. शब्द, माप, नमुना आणि मुदत. यांपैकी एकही गोष्ट मक्तेदाराच्या मर्जीवर सोडलेली नाही. सिसेरोने सांगून ठेविले आहे की, फिलोनने आपल्या या कामाचे विवरण लोकांपुढे मोठ्या वाक्पटुत्वाने केले. इ. स. पू. ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्ला याने पिरेउस उद्ध्वस्त केले, त्यात हे कोठार गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस उत्खननात त्याचा पाया सापडला, तेव्हा त्याची मापे शिळेवरील आकड्यांशी जुळली.

एलेउसिस येथील देमेतेर देवीच्या मंदिरापुढील खांबांची ओळ फिलोननेच बांधली असे वित्रुव्हिउस लिहितो. त्या खांबांचे गोल दगड एकावर एक बसविताना मधोमध धातूचे खुंट घालावयाचे होते, आणि त्यांचाही तपशील एका शिळेवर मिळतो. तांबे सायप्रस बेटावरील मारिओन गावचे घ्यावे, आणि अकरा भाग तांब्यास एक भाग कथील मिसळावे. खांब पुरा झाल्यावर हा खुंट कोणाच्याही दृष्टीस पडावयाचा नाही. तरीही, किंवा त्याचमुळे, तो लिहून ठेवलेला आहे.

रेषांचे म्हणाल तर ग्रीकांचे कागदी नकाशे आपणापर्यंत आलेले नाहीत. पण १९७९ साली लोथार हाझेलबेर्गेर या जर्मन संशोधकास आशिया मायनरमधील दिदिमा येथील अपोलोच्या देवालयात, आतल्या भिंतींवर, अतिशय बारीक रेषांनी कोरलेली रेखाटने आढळली. खांबाचा फुगवटा काढण्यासाठी रुंदी प्रत्यक्ष मापाची ठेवून उंची मात्र सोळाव्या हिश्श्याइतकी केलेली आहे, त्यामुळे तो नाजूक वक्र कंपासाने काढता येई. भिंतींस अखेरची झिलई दिली गेली असती तर या रेषा पुसल्या गेल्या असत्या. देवालय अपुरे राहिले म्हणून त्या उरल्या.

यासाठी इंदूर वा भोपाळकडील वाचकांस दूर जाण्याचे कारण नाही. भोपाळजवळ बेतवेच्या काठी भोजपूर येथे अकराव्या शतकातील भोजराजाच्या नावाशी निगडित असे प्रचंड शिवालय आहे. तेही अपुरे राहिले, त्याचे शिखर कधी चढलेच नाही. त्याच्या आसपासच्या कातळावर स्तंभांची, शिखरांची आणि देवालयांच्या तलांची रेखाटने कोरलेली आजही पाहावयास मिळतात. समरांगणसूत्रधार हा वास्तुग्रंथ ज्या राजाच्या नावावर आहे, त्याच्याच कारागिरांच्या या उघड्यावरील वह्या होत. मक्ता नसला तरी रेषा हवीच होती. शंभर हात जेथे एकाच दगडी अवयवाचे भाग घडवीत असतात, तेथे तोंडी सूचना पुरी पडत नाही.

आता अटींकडे वळू. बिओशिया प्रांतातील लेबादेइया येथे झेउस बासिलेउसच्या, म्हणजे राजरूप झेउसच्या, देवालयाचा एक लेख आहे. तो ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या अखेरीचा वा दुसऱ्या शतकातील मानतात. या लेखाचा ग्रंथकार कोणी का असेना, त्याने मक्तेदारांस पुरते ओळखले होते असे वाटते. पहिला हप्ता हाती पडल्यापासून दहा दिवसांत काम सुरू झाले पाहिजे, आणि कामावर पाचांहून कमी कारागीर असता कामा नयेत. दगड घडविताना फुटला तर मक्तेदाराने स्वतःच्या खर्चाने दुसरा द्यावा. दोन दगडांचा सांधा खरोखरी बसला आहे की नाही हे सरळ पट्टीस गेरू लावून तपासावे. लोखंडी कड्या बसवून शिसे ओतण्यापूर्वी ते काम देवालयाच्या पंचांस दाखवावे. एखाद्या दगडाचे माप थोडे वाढविणे वा कमी करणे हिताचे ठरले तर मक्तेदाराने तसे करावे. मोबदल्याचा दशांश अखेरची मान्यता मिळेपर्यंत राखून ठेवावा. आणि जे या लेखात लिहिलेले नाही, ते देवालयाच्या बांधकामाविषयीच्या नगराच्या नियमांप्रमाणे समजावे.

हे शेवटचे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. लिहिणाऱ्यास आपण सर्व काही लिहू शकलो नाही याची जाणीव होती, आणि त्या उणिवेची सोय त्याने वाद उत्पन्न होण्यापूर्वीच करून ठेविली. याच लेखात अटी दगडावर कोरण्याचा दरही ठरविला आहे. तो हजार अक्षरांमागे आहे, आणि त्यात कोरलेल्या अक्षरांत रंग भरणे समाविष्ट आहे. एवढे करूनही ते देवालय पुरे झाले नाही. पाउसानिआस या प्रवाशाने इ. स. च्या दुसऱ्या शतकात ते अर्धवट पाहिले, आणि त्याचे कारण एक तर त्याचा विस्तार, नाही तर एकामागून एक आलेली युद्धे, असे लिहून ठेविले. उत्तम कागदपत्रे युद्ध थांबवू शकत नाहीत. ती एवढेच करतात की, काम थांबले तर ते कोठे थांबले हे सांगता येते.

वित्रुव्हिउस हा रोमन स्थपती ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला. त्याच्या ग्रंथात या विषयावर दोन ठिकाणी फार मार्मिक लिहिलेले आहे. स्थपतीस कायदा कळला पाहिजे, तो का, तर काम संपल्यावर मालकाच्या गळ्यात भांडणे पडू नयेत आणि करार असा लिहिला जावा की काम देणारा व काम घेणारा या दोघांसही अपाय होऊ नये, असे तो म्हणतो. दोघांसही, हे ध्यानात घ्यावे. दुसरे स्थळ एफेसस नगराच्या एका जुन्या कायद्याचे. सार्वजनिक काम हाती घेणाऱ्या स्थपतीने खर्चाचा अंदाज आधी सांगावयाचा, आणि काम पुरे होईपर्यंत त्याची मालमत्ता अधिकाऱ्यांकडे तारण राहावयाची. खर्च अंदाजाइतकाच झाला तर त्याचा सन्मान होई. चौथाईपर्यंत वाढला तर ती वाढ नगराच्या तिजोरीतून दिली जाई. त्यापलीकडे गेला तर वरचा पैसा त्याच्या मालमत्तेतून वसूल होई. रोममध्येही असा कायदा असता तर बरे झाले असते, असे वित्रुव्हिउस हळहळून म्हणतो. आजच्या किती आर्किटेक्टांस हा कायदा मानवेल हे सांगणे कठीण, पण देवस्थानाच्या खजिनदारांस तो निश्चित आवडेल!

आपल्या आजच्या रीतीत हेच सारे निराळ्या नावांनी आहे. तलाचा नकाशा, दर्शनी भागाचा नकाशा, छेद, कोरीव भागांचे मोठ्या मापाचे तपशील, मालाचे व कामाचे तपशीलपत्रक, परिमाणांची यादी, अंदाजपत्रक, कराराच्या अटी आणि निविदेचा नमुना, इतके सिद्ध झाल्यावरच किमती मागवावयाच्या. एका मक्तेदाराने शंका विचारली तर तिचे उत्तर सर्वांस सारखेच कळवावयाचे. सर्वांनी एकाच वस्तूची किंमत सांगितली असेल तरच त्या किमतींची तुलना होऊ शकते. अन्यथा सर्वांत कमी आकडा हा बहुधा सर्वांत कमी वस्तूचा आकडा असतो, आणि उरलेली वस्तू पुढे ‘जादा काम’ या नावाने बिलात येते.

गोव्यात काय, बेळगावाकडे काय, देवालयांच्या जीर्णोद्धारात पैशाहून मोठे नुकसान याच ठिकाणी होते असे मला वाटते. जुन्या भिंती चिऱ्याच्या, गिलावा चुन्याचा, खांब आणि तक्तपोशी लाकडी, छपर कौलारू. निविदेसोबत एक नकाशा आणि पानभर मजकूर जातो, आणि त्या मजकुरात ‘भिंतींची दुरुस्ती व रंगकाम’ एवढेच लिहिलेले असते. चुना राखावयाचा की काढावयाचा, नवा गिलावा कशाचा, कोरीव तुळई खाली उतरविली तर ती कोठे ठेवावयाची आणि कोणी जपावयाची, जुनी फरशी किती हात आहे, याचा उच्चार नसतो. मक्तेदार मग त्याला जे येते ते करतो, आणि त्याला बहुधा सिमेंट आणि चकाकती टाइल येते. त्यास दोष देण्यात अर्थ नाही. त्याने मोडले ते कोणी नोंदलेच नव्हते. दोनशे वर्षांचा चुना एका पावसाळ्याच्या आत खरवडून जातो, आणि चिऱ्याच्या भिंतीतील ओल सिमेंटामागे कोंडून राहते, तिचा परिणाम पुढच्या समितीच्या कारकिर्दीत दिसू लागतो.

जीर्णोद्धारापूर्वी काय लिहावे याचाही एक उत्तम दाखला अथेन्समध्येच आहे. अक्रोपोलिसवरील ज्या देवालयास आपण एरेख्थेइओन म्हणतो, त्याचे काम स्पार्टाशी चाललेल्या दीर्घ युद्धाच्या काळात अर्धवट पडून होते. त्यात अथेना देवीची ऑलिव्हच्या लाकडाची अतिप्राचीन मूर्ती असे, ती आकाशातून पडली अशी लोकांची श्रद्धा, आपल्या भाषेत स्वयंभूच म्हणावयाची. इ. स. पू. ४०९ मध्ये काम पुन्हा हाती घ्यावयाचे ठरले. तेव्हा फिलोक्लेस हा स्थपती आणि देखरेख करणारे पंच यांनी प्रथम किंमती मागविल्या नाहीत. ते देवालयात गेले आणि त्यांनी यादी केली. कोणते दगड बसविलेले आहेत, कोणते पुरे घडवूनही जमिनीवर पडून आहेत, कोणते अर्धेच घडले आहेत, कोणत्या खांबांवर उभ्या पन्हळी कोरावयाच्या उरल्या आहेत, हे प्रत्येकाच्या लांबीरुंदीसह दगडावर कोरून ठेविले. देवालयाचा उल्लेख त्या लेखात ‘जेथे प्राचीन मूर्ती आहे ते’ एवढाच आहे.

ती शिळा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. देवालयाच्या दक्षिणेकडील सज्जाचे छत खांबांऐवजी सहा स्त्रीमूर्तींच्या मस्तकांवर तोललेले आहे, आणि त्यांची चित्रे जगभर गेली आहेत. त्यांच्या सौंदर्याविषयी यादीत एक अक्षर नाही. तेथे एवढेच लिहिले आहे की, केक्रोपच्या स्थानाजवळील सज्जात ‘कुमारीं’च्या वर जे छताचे दगड आहेत, त्यांपैकी तिघांचा वरचा पृष्ठभाग अद्याप तासावयाचा आहे, लांबी १३ फूट, रुंदी ५ फूट.